सिडनी ते मेलबर्न किनाऱ्याकिनाऱ्यानं, दोघांनीच गाडी चालवत: सगळं कसं जमवायचं

ऑस्ट्रेलियाच्या ट्रिपचे प्लॅन लोक दाखवतात तेव्हा बहुतेकांचं एकच असतं, दहा दिवसांत सिडनी, मग वर केर्न्सला ग्रेट बॅरियर रीफ, मग खाली मेलबर्न आणि ग्रेट ओशन रोड, आणि हे सगळं गाडीनं. अहो सिडनी ते केर्न्सच जवळजवळ २४०० किलोमीटर आहे. नकाशावर वीतभर दिसतं म्हणून फसायला होतं, आणि मग सुट्टीचं काय होतं तर एक जण दिवसभर स्टिअरिंगवर आणि दुसरा शेजारी पेंगतोय, संध्याकाळी मोटेलवर पोचेपर्यंत दोघांनाही बोलायची इच्छा नाही. दोघांनीच जायचं असेल तर माझं सांगणं एकच, किनाऱ्याचा एकच तुकडा निवडा आणि त्याला भरपूर दिवस द्या. दिवसाला तीन, फार तर चार तास ड्रायव्हिंग, दुपारी तीन-चारपर्यंत मुक्कामी, आणि दोघांनीही गाडी चालवायची. बाकी सगळं ह्याच्यातून आपोआप ठरत जातं.

कुठला तुकडा? पहिल्यांदा जाणाऱ्यांना मी सिडनी ते मेलबर्न हाच सांगते. आतून जाणारा ह्यूम हायवे घेतला तर साधारण ८८० किलोमीटर, नऊ-साडेनऊ तासांत पोचता येतं पण बघायला समुद्र औषधालासुद्धा नाही. किनाऱ्यानं जाणारा प्रिन्सेस हायवे धरला तर हजारच्या वर होतात, आणि आत-बाहेर वळून गावं बघत गेलात तर बरेच जास्त. ह्याला आठ-नऊ दिवस ठेवा, आणि मेलबर्नच्या पुढे ग्रेट ओशन रोडला वेगळे तीन. एवढी सुट्टी नसेल तर तुकडा अजून छोटा करा, नुसता ग्रेट ओशन रोड करा किंवा सिडनीहून ईडनपर्यंत जाऊन परत या, पण रोजचं अंतर वाढवू नका.

दिशा पण विचार करून ठरवा, हे फार कोणी सांगत नाही. तिथे गाडी आपल्यासारखीच डावीकडून चालते. सिडनीहून दक्षिणेला निघालात की समुद्र तुमच्या डाव्या हाताला राहतो, आणि मेलबर्नहून ग्रेट ओशन रोडला पश्चिमेकडे निघालात की तिथेही डावीकडेच. म्हणजे लुकआउट दिसला की सरळ डावीकडे गाडी आत घ्यायची, समोरच्या ट्रॅफिकला छेदून पलीकडे जायची भानगड नाही. उलट्या दिशेनं आलात तर प्रत्येक थांब्याला रस्ता ओलांडावा लागतो. आणि शेजारी बसणारा माणूस गाडीत डावीकडे असतो म्हणजे समुद्र त्याच्या खिडकीत, ड्रायव्हरला मात्र नजर रस्त्यावरच ठेवायची असते. त्यामुळे दर दोन तासांनी जागा बदला, दोघांनाही समुद्र मिळतो आणि दोघंही ताजे राहतात. दर दोन तासांनी थांबा असं तिथे रस्त्यावर पाट्या लावूनही सांगतात.

कधी जायचं

तिथला उन्हाळा डिसेंबर ते फेब्रुवारी. पण डिसेंबरच्या शेवटच्या आठवड्यापासून जानेवारी संपेपर्यंत तिथल्या शाळांना सुट्टी असते, अख्खं न्यू साऊथ वेल्स आणि व्हिक्टोरिया किनाऱ्यावर येऊन बसतं, छोट्या गावात खोल्या मिळत नाहीत, मिळाल्या तर किमान तीन-चार रात्रींची अट आणि भाडं चढलेलं. ईस्टरच्या आसपासही तसंच. फेब्रुवारीचा दुसरा पंधरवडा आणि मार्च हा माझ्या मते सगळ्यात चांगला काळ, शाळा सुरू झालेल्या असतात, पाणी अजून उबदार असतं, वारा कमी. व्हेल बघायचे असतील तर मात्र वसंत पकडा, सप्टेंबर ते नोव्हेंबर, त्या वेळी हंपबॅक व्हेल पिल्लांना घेऊन दक्षिणेला परत जात असतात आणि ईडनच्या आसपास किनाऱ्यावर उभं राहूनसुद्धा दिसतात.

उन्हाळ्यात जाणार असाल तर वणव्याचा विचार मनात ठेवूनच जा. २०१९ च्या डिसेंबरात ह्याच किनाऱ्यावर प्रचंड आगी लागल्या होत्या, मॅलाकूटा गावात हजारो लोक पाण्याकाठी अडकले आणि पुढे जानेवारीत हजारावर लोकांना नौदलाच्या जहाजानं बाहेर काढावं लागलं. घाबरायचं म्हणून सांगत नाहीये, तयारी म्हणून सांगते. फोनवर न्यू साऊथ वेल्ससाठी हॅझर्ड्स निअर मी आणि व्हिक्टोरियासाठी विकइमर्जन्सी ही दोन अ‍ॅप टाका, रोज सकाळी निघायच्या आधी बघा, आणि टोटल फायर बॅन जाहीर असेल त्या दिवशी उघड्यावर काहीही पेटवायचं नाही. इमर्जन्सी नंबर तीनदा शून्य, ०००.

गाडी की कॅम्परव्हॅन

कॅम्परव्हॅनचे फोटो फार मोहात पाडतात, आणि ज्यांना तसं राहायची आवड आहे त्यांनी जरूर घ्यावी. पण दोघांची पहिलीच ट्रिप असेल तर मी साधी गाडी आणि कॅबिन हेच सुचवीन. छोट्या व्हॅनमध्ये रोज रात्री बेड उघडायचा, सकाळी घडी घालायचा, पाऊस आला की दोघं आणि ओले कपडे एकाच डब्यात, आणि कुठल्याही किनाऱ्यावर व्हॅन लावून झोपता येईल असं जे वाटतं ते बहुतेक ठिकाणी चालत नाही, कौन्सिलचे रेंजर येऊन दंड लावतात. म्हणजे रात्रीला हॉलिडे पार्कमध्ये पॉवर्ड साइट, म्हणजे वीज जोडता येईल अशी गाडी लावायची जागा, घ्यावीच लागते. त्याच हॉलिडे पार्कमध्ये छोट्या लाकडी कॅबिन असतात, बेड, बाथरूम, दोन शेगड्यांचं किचन, बाहेर व्हरांडा, आणि बरेचदा पार्क अगदी समुद्राला लागून. गावातली साधी मोटेलं सीझन नसताना रात्रीला साधारण १५० ते २५० ऑस्ट्रेलियन डॉलरमध्ये मिळतात, कॅबिनचंही तसंच धरा.

गाडी भाड्यानं घेताना ह्या गोष्टी काउंटरवर उभं राहूनच विचारा. एक, दुसऱ्या ड्रायव्हरचं नाव करारात घातलंय का. नसेल आणि दुसरा गाडी चालवताना काही झालं तर इन्शुरन्स लागू होत नाही. दोन, सिडनीत घेऊन मेलबर्नला सोडायची असेल तर वन वे फी किती. तीन, एक्सेस, म्हणजे नुकसान झालं तर तुमच्या खिशातून जाणारी रक्कम, ती काही हजार डॉलर असू शकते, जास्तीचे रोजचे पैसे भरून कमी करता येते किंवा ट्रॅव्हल इन्शुरन्समध्ये भाड्याच्या गाडीचा एक्सेस धरलेला असतो, दोन्हीकडे पैसे भरू नका. चार, अनसील्ड म्हणजे कच्च्या रस्त्यावर चालतं का, बहुतेकांचं नाही. पाच, रात्री किंवा गावाबाहेर जनावराला धडक बसली तर कव्हर आहे का. हा पाचवा प्रश्न लोक विचारत नाहीत आणि त्या किनाऱ्यावर तोच सगळ्यात महत्त्वाचा आहे. मुख्य ड्रायव्हरच्या नावाचं क्रेडिट कार्ड लागतं कारण डिपॉझिट त्यावर अडकवून ठेवतात. लायसन्स इंग्रजीत असेल तर टुरिस्टना त्यावर चालवता येते, तरी इंटरनॅशनल परमिट जवळ असलेलं बरं, काही कंपन्या मागतात. व्हिजिटर व्हिसाला वेळ लागतो, म्हणून तो हातात आल्याशिवाय परत न मिळणारी बुकिंग करू नका.

गाडी ताब्यात घेतली की चारी बाजूंचा, चाकांचा, काचेचा व्हिडिओ काढा आणि पार्किंगमध्येच पाच मिनिटं बसून इंडिकेटर कुठल्या हाताला, वायपर कुठला, पेट्रोलची टाकी कुठल्या बाजूला हे बघून घ्या. सिडनी, मेलबर्नमध्ये टोलनाक्यावर रोख घेणारं कोणी नसतं, टॅगवरून आपोआप कापलं जातं, तेव्हा गाडीत टॅग आहे ना आणि त्याचे रोजचे किती लावतात तेही विचारा.

रस्त्यावरचे नियम, जे आपल्या हातात बसलेले नसतात

डावीकडून चालवायची सवय असल्यामुळे आपल्याला सोपं वाटतं आणि तिथेच गडबड होते. सिग्नल लाल असताना डावीकडे वळायचं नाही, तशी परवानगी देणारी पाटी असेल तरच. राउंडअबाउटमध्ये आधीपासून आत असलेल्याला जाऊ द्यायचं, व्यवहारात म्हणजे उजवीकडे बघायचं आणि जागा दिसली तरच शिरायचं. पाटी नसेल तर वस्तीत ५० आणि बाहेर १०० ही मर्यादा, मोठ्या मोटरवेवर ११०. शाळेजवळ ठरलेल्या वेळी ४०. कॅमेरे सगळीकडे, काही ठिकाणी दोन टोकांमधला सरासरी वेगसुद्धा मोजतात, म्हणजे कॅमेरा दिसला की ब्रेक मारायची आयडिया चालत नाही. दंड गाडीच्या कंपनीकडे जातो आणि ते वरून स्वतःची फी लावून तुमच्या कार्डावर टाकतात. हॉर्न जवळजवळ कोणी वाजवत नाही.

ड्रायव्हरनं फोन हातात घ्यायचा नाही म्हणजे नाहीच, ते पकडणारे कॅमेरेसुद्धा आहेत, आणि शेजारच्यानं बेल्ट लावला नसेल तर तेही त्यात दिसतं. म्हणून शेजारी बसणाऱ्याकडे पूर्ण काम द्यायचं, नकाशा, गाणी, पुढच्या पेट्रोल पंपाचं अंतर, खाणं हातात देणं, सगळं त्याचं. आणि वळण आधी सांगायचं, "पुढच्या राउंडअबाउटला दुसरा एक्झिट" असं शांतपणे, वळणावर पोचल्यावर "अरे इथे, इथे!" नाही. दोघांची बरीचशी भांडणं ह्याच एका गोष्टीवरून होतात असं माझं प्रामाणिक मत आहे. वळण चुकलं तर पुढे जायचं, नकाशा स्वतः नवा रस्ता काढतो, कोणाचं चुकलं ह्याची चर्चा नको.

दारूची मर्यादा रक्तात ०.०५. वाइनरीत जाणार असाल तर त्या दिवसाचा ड्रायव्हर आधी ठरवा आणि त्यानं एक थेंबही घ्यायचा नाही.

मेलबर्न शहरात ट्राम असतात, थांब्यावर ट्रामचं दार उघडं असेल तर मागे थांबायचं, शिवाय काही चौकांत उजवीकडे वळायला आधी अगदी डावीकडे जाऊन थांबावं लागतं. ह्या सगळ्यात कशाला पडा, शहरात शिरायच्या आधी गाडी परत करा किंवा हॉटेलात लावून ठेवा आणि ट्रामनं फिरा.

कांगारूंबद्दल. पहाटे आणि संध्याकाळी अंधार पडायच्या सुमाराला ते रस्त्याकडेच्या गवतावर येतात आणि गाडीच्या उजेडात कुठल्या दिशेनं उडी मारतील सांगता येत नाही. म्हणूनच मी चार वाजेपर्यंत मुक्कामी पोचा म्हणते. अंधारात गावाबाहेर चालवायचंच नाही असा नियम करून टाका. तरी कधी समोर आलाच तर सरळ रेषेत जोरात ब्रेक, स्टिअरिंग फिरवायचं नाही, कारण झाडावर आपटणं हे जनावराला लागण्यापेक्षा फार वाईट. धडक बसलीच तर सुरक्षित जागी थांबून न्यू साऊथ वेल्समध्ये वायर्स ह्या संस्थेला फोन करा, मादी मेली असली तरी पोटाच्या पिशवीत पिल्लू जिवंत असू शकतं.

आता रस्ता

सिडनीहून निघताना थेट हायवे पकडू नका, रॉयल नॅशनल पार्कमधून जा. १८७९ चं पार्क आहे, झाडीतून रस्ता जातो आणि बाहेर पडलात की बाल्ड हिलचा लुकआउट, तिथून खाली अख्खा किनारा पसरलेला दिसतो. थोडं पुढे सी क्लिफ ब्रिज, ६६५ मीटरचा, २००५ मध्ये बांधला कारण कड्यावरून दगड पडून जुना रस्ता बंद करायची वेळ आली होती, आता रस्ता कड्यापासून लांब, समुद्राच्या वरूनच जातो. गाडी पुलावर थांबवता येत नाही, पलीकडे लावून पायी चालत या. मग वोलॉन्गॉन्गवरून कायामा. कायामाचा ब्लोहोल, म्हणजे लाट आली की पाणी उंच उडवणारं खडकातलं भोक, सगळ्यांना माहीत असतो पण तो लाटा आग्नेयेकडून येत असतील तेव्हा जोरात उडतो, ईशान्येकडून असतील तर गावातच दक्षिणेला असलेल्या लिटल ब्लोहोलला जा, तो जास्त चांगला उडतो. पहिला मुक्काम इथेच करा. सिडनीपासून १२० किलोमीटरच आहे, पण पहिल्या दिवशी नवी गाडी, नवा रस्ता, त्यात विमानाचा शीण, तेवढंच पुरे.

पुढे जर्व्हिस बे, आणि इथे दोन रात्री ठेवा. हायम्स बीचच्या पांढऱ्या वाळूचे फोटो बघून सगळे तिथेच धावतात, पण गाव बोटभर आहे, पार्किंग भरलेलं असतं. त्यापेक्षा व्हिन्सेन्शियात गाडी लावून व्हाइट सॅन्ड्स वॉक करा, ग्रीनफील्ड बीचवरून चालत चालत, वाळू तशीच पांढरी आणि अर्धी गर्दी. दुसऱ्या दिवशी बुडरी नॅशनल पार्क, ह्याचा पास वेगळा असतो, तिथल्या रेक बे आदिवासी समुदायाच्या जमिनीवरचं पार्क आहे आणि कारभारात त्यांचा वाटा आहे. मरेज बीचचं पाणी इतकं स्वच्छ आणि शांत की पोहायला न येणारासुद्धा घोटाभर पाण्यात तासभर उभा राहतो. हस्किसनहून डॉल्फिन बघायच्या बोटी सुटतात.

बेटमन्स बेच्या अलीकडे मुरामरांग नॅशनल पार्कमध्ये पेबली बीच आहे, तिथे कांगारू अगदी समुद्राकाठच्या गवतावर चरत असतात. हात लावायचा नाही, खायला द्यायचं नाही, ब्रेड खाऊन ते आजारी पडतात. शेवटचा रस्ता कच्चा असू शकतो, गाडीचा करार बघा. न्यू साऊथ वेल्सच्या अशा पार्कांना गाडीमागे दिवसाचे साधारण ८ ते १२ डॉलर लागतात.

नारूमा ते मरिम्बुला हा पट्टा मला सगळ्यात आवडतो आणि बरेच लोक इथूनच सुसाट निघून जातात. नारूमाला समुद्राच्या तोंडाशी एक खडक आहे त्याला पडलेलं भोक हुबेहूब ऑस्ट्रेलियाच्या नकाशासारखं दिसतं, तिथेच धक्क्याच्या दगडांवर सील पहुडलेले असतात. समोरच्या बारुंगुबा, म्हणजे मॉन्टेग्यू बेटावर बोटीनं जाता येतं, पेंग्विन आणि सील तिथेही. थोडं आत वळलं की सेंट्रल टिल्बा, गुलागा डोंगराच्या पायथ्याशी जुन्या लाकडी घरांची एकच रांग, चीजची फॅक्टरी, अर्धा दिवस निवांत जातो. मग बरमागुईचा ब्लू पूल, कड्याच्या खाली खडकात बांधलेला समुद्राच्या पाण्याचा तलाव, लाट बाहेर फुटते आणि तुम्ही आत सुरक्षित. ज्यांना उघड्या समुद्राची भीती वाटते त्यांच्यासाठी ह्यासारखी जागा नाही. मरिम्बुला आणि पाम्बुला ऑयस्टरसाठी प्रसिद्ध, खाणाऱ्यांनी थेट फार्मवरूनच घ्यावेत.

ईडनला किलर व्हेल म्युझियम चुकवू नका. इथल्या टूफोल्ड बेमध्ये पूर्वी ऑर्का, म्हणजे किलर व्हेल, मोठ्या व्हेलना हाकत खाडीत आणायचे आणि शिकारी त्यांच्या मदतीनं शिकार करायचे, त्या ऑर्कांमधला ओल्ड टॉम १९३० मध्ये मेला, त्याचा सांगाडा तिथे ठेवलाय. शिकार वाईटच, पण माणूस आणि समुद्रातला प्राणी अशी भागीदारी करत होते हे तो सांगाडा समोर बघताना फार वेगळं वाटतं.

ईडनला टाकी फुल्ल करा, पाणी भरा आणि ऑफलाइन नकाशे आहेत ना बघा. पुढे राज्याची हद्द ओलांडून लेक्स एन्ट्रन्सपर्यंत अडीचशेच्या आसपास किलोमीटर जंगलच जंगल आहे, बऱ्याच ठिकाणी फोनला रेंज नाही. सिम घेताना टेल्स्ट्राच्या नेटवर्कचं घ्या, गावांच्या मध्ये त्याचीच रेंज सगळ्यात जास्त लांब पोचते. मॅलाकूटा हायवेपासून २३ किलोमीटर आत आहे, वेळ असेल तर एक रात्र, शांत तळी आणि जंगल. लेक्स एन्ट्रन्सच्या पुढे पेन्सव्हिलहून रेमंड आयलंडची फेरी, पायी जाणाऱ्यांना फुकट, पलीकडे गावातल्या झाडांवर कोआला. मान वर करून चालायचं, सापडतातच.

मग विल्सन्स प्रॉम नॅशनल पार्क. स्क्वीकी बीचची वाळू पायाखाली खरंच चिवचिवते, क्वार्ट्झचे गोल एकसारखे कण घासले जाऊन आवाज येतो, त्यासाठी कोरड्या वाळूत पाय ओढत चाला. जवळच्या फॉस्टर किंवा यानाकीला राहायला मिळतं. शेवटी फिलिप आयलंड, सूर्य मावळल्यावर जगातले सगळ्यात छोटे पेंग्विन समुद्रातून बाहेर येऊन आपापल्या बिळांकडे चालत जातात. तिकीट आधी काढा, जाड जॅकेट घ्या, उन्हाळ्यातसुद्धा वारा अंगाला झोंबतो, आणि फोटो काढायला पूर्ण बंदी आहे, उजेडानं पेंग्विन बिथरतात. त्या रात्री मुक्काम बेटावरच ठेवा, परत अंधारातून गाडी नको.

समुद्र

हे दोघांनीही नीट वाचा. ह्या किनाऱ्यावर शार्कपेक्षा कितीतरी जास्त माणसं रिपमुळे जातात. रिप म्हणजे लाटांनी आणलेलं पाणी परत आत जाण्याचा जोरदार प्रवाह, आणि तो फसवा अशासाठी की तिथे लाटा फुटत नाहीत, दोन्हीकडे पांढरा फेस आणि मध्ये गडद शांत पट्टा, आपल्याला वाटतं हीच पोहायची चांगली जागा. २०२४ च्या जानेवारीत फिलिप आयलंडवर फॉरेस्ट केव्ह्ज ह्या लाइफगार्ड नसलेल्या बीचवर भारतीय कुटुंबातली चार माणसं बुडाली. त्यामुळे लाल-पिवळे झेंडे असतील तिथेच, त्या दोन झेंड्यांच्या मध्येच पाण्यात जायचं. झेंडे नाहीत तर घोट्याच्या वर पाणी नको. कुठल्या बीचवर गार्ड आहे ते बीचसेफ ह्या वेबसाइटवर आधी बघता येतं.

रिपमध्ये सापडलात तर किनाऱ्याकडे जिवाच्या आकांतानं पोहू नका, दम संपतो. पाठीवर तरंगा, हात वर करून मदत मागा, आणि ताकद असेल तर किनाऱ्याला समांतर पोहत फुटणाऱ्या लाटांकडे या. जोडीदार अडकला तर मागोमाग उडी मारणं हीच सगळ्यात मोठी चूक, गार्डला बोलवा, ००० ला फोन करा, तरंगेल असं काहीही फेका, एस्कीचं, म्हणजे खाणं थंड ठेवायच्या डब्याचं, झाकणसुद्धा चालतं. ओल्या खडकांवर सेल्फीला जाऊ नका, दहा मिनिटं शांत असलेला समुद्र एकदम मोठी लाट टाकतो.

ऊनही तितकंच कडक, ढग असले तरी यूव्ही जास्त असतं. एसपीएफ ५० चं सनस्क्रीन दर दोन तासांनी, टोपी, पूर्ण बाह्यांचा शर्ट.

खाणंपिणं

येताना बॅगेत खायचं काहीही असेल तर विमानातल्या कार्डावर जाहीर करा. जाहीर केलंत आणि त्यांना चाललं नाही तर ते फक्त काढून घेतात, लपवलंत तर जबर दंड. त्यापेक्षा पोहे, रवा, मसाले, चहा सिडनीत हॅरिस पार्क ह्या भारतीय दुकानांच्या भागात घ्या, तिथे सगळं मिळतं. एक एस्की स्वस्तातला घ्या आणि वाटेत कोल्स, वूलवर्थ्स, आल्डी ह्या सुपरमार्केटमधून दही, फळं, भाज्या. सकाळी कॅबिनमध्ये पोहे किंवा उपमा, दुपारी बाहेर, असं केलंत तर पैसे निम्मे लागतात. किनाऱ्यावरच्या बागांमध्ये फुकटचे इलेक्ट्रिक बार्बेक्यू असतात, बटण दाबलं की तवा तापतो, पनीर, मका, मशरूम, ढोबळी मिरची मस्त भाजते, फक्त वापरून झालं की पुसून ठेवा, पुढचा येतो त्याच्यासाठी.

छोट्या गावात कॅफे दुपारी दोन-तीनला बंद आणि रात्री किचन आठ-साडेआठला बंद, उशिरा जेवायची सवय आधी सोडा. शाकाहारी असाल तर थाई रेस्टॉरंट बहुतेक गावांत असतं, फिश सॉस नको हे सांगायचं. गावातल्या बोलिंग क्लब किंवा आरएसएल, म्हणजे माजी सैनिकांच्या, क्लबमध्ये पाहुण्यांना दारात सही करून आत जाता येतं, जेवण स्वस्त आणि शेजारच्या टेबलावरचे आजी-आजोबा कुठला बीच चांगला ते स्वतःहून सांगतात. टिप द्यायची गरज नाही, नळाचं पाणी पितात.

दोघांचं म्हणून एक सांगते. रोजचा प्लॅन आळीपाळीनं ठरवा, एक दिवस एकाचा, दुसरा दुसऱ्याचा, आणि दुसऱ्याच्या दिवशी कुरकुर नाही. एकाला चार तास ट्रेक हवा असतो आणि दुसऱ्याला वाळूत पुस्तक, दोन्ही खरं आहे, मग दुपारी दोन-तीन तास वेगवेगळे घालवा की, संध्याकाळी सांगायला काहीतरी असतं. खर्चाचा एकच हिशोब एका अ‍ॅपवर, रात्री दोन मिनिटं.

ग्रेट ओशन रोडला जोडून जाणार असाल तर

फिलिप आयलंडहून मेलबर्नमधून पुढे टॉर्की. पहिल्या महायुद्धातून परत आलेल्या सैनिकांनी १९१९ ते १९३२ मध्ये हातकुदळीनं खणलेला हा रस्ता, २४० किलोमीटरच्या आसपास, मेलेल्या साथीदारांचं स्मारक म्हणून. मेलबर्नहून एका दिवसात जाऊन येणाऱ्या बसेस आहेत, त्यात बाराच्या बारा तास बसमध्येच जातात. तुम्ही अपोलो बे आणि पोर्ट कॅम्पबेलला एकेक रात्र ठेवा. अपोलो बेच्या पुढे मेट्स रेस्टला अर्ध्या तासाची जंगलातली चक्कर, प्रचंड नेचे आणि जुनी झाडं. रस्ता वळणावळणाचा, मागे गाड्या साठल्या तर टर्नआउटमध्ये डावीकडे होऊन त्यांना जाऊ द्या. ज्याला गाडी लागते त्याला इथे चालवायला द्या, चालवणाऱ्याला सहसा लागत नाही.

ट्वेल्व्ह अपोसल्स, म्हणजे समुद्रात उभे असलेले दगडी सुळके, बारा कधीच नव्हते, आणि २००५ मध्ये त्यातला एक कोसळला, समुद्र ते खातोच आहे. पोर्ट कॅम्पबेलला राहिलात की सकाळी लवकर जाता येतं, बसेस दुपारी येतात. लॉक आर्ड गॉर्जला जास्त वेळ द्या, १८७८ मध्ये इथे लॉक आर्ड जहाज फुटलं, ५४ पैकी फक्त दोघं वाचले, ती खाडी आणि वरचं छोटं कब्रस्तान बघितल्यावर त्या समुद्राची ताकद कळते. लंडन ब्रिज नावाच्या इथल्याच खडकाची कमान १९९० मध्ये पडली तेव्हा दोन पर्यटक टोकाला अडकले, हेलिकॉप्टरनं काढले.

परत येताना तोच वळणांचा रस्ता घेऊ नका. वॉर्नम्बूलपर्यंत जा, वाटेत वेळ असेल तर त्याच्या पुढचं टॉवर हिल बघा, विझलेल्या ज्वालामुखीच्या खळग्यात एमू आणि कोआला फिरतात, आणि तिथून आतल्या प्रिन्सेस हायवेनं कोलॅकवरून तीन-सव्वातीन तासांत मेलबर्न. गाडी परत करायच्या आधी विमानतळापासून थोडं लांबच्या पंपावर टाकी भरा, जवळचे पंप महाग असतात, पावती ठेवा, निघताना काढला होता तसाच व्हिडिओ परत काढा, आणि टोल किंवा दंडाचे पैसे नंतर महिनाभरानेही कार्डावर येऊ शकतात तेव्हा ते कार्ड लगेच बंद करू नका.